रिटायरमेंटचं घर: आमची दोन वर्षांची शोधाशोध

सासूबाई 2019 च्या पावसाळ्यात बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आमचं घर डोंबिवली पूर्वेला, तिसरा मजला, बिल्डिंग 1988 ची, लिफ्ट नाही. बिल्डिंगमधल्या चार मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं, जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी होत होती आणि त्या डोळे मिटून माझा हात धरून होत्या. ऑपरेशन नीट झालं पण घरी आल्यावर कळलं की व्हीलचेअर 26 इंच रुंद आणि आमच्या बाथरूमचं दार 24 इंच. शेवटचं दीड वर्ष त्यांचं सगळं हॉलच्या कोपऱ्यात पडदा लावून झालं. दाराची बेल वाजली की त्या आधी पडद्याकडे बघायच्या, नीट ओढलाय ना म्हणून.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये मेजरिंग टेप असते.

हे 2023 च्या मार्चमध्ये रिटायर झाले, माझी बँकेतली अजून एक वर्ष नोकरी होती. ह्यांचं पहिल्यापासून ठरलेलं की रिटायर झालो की कोकणात. दापोलीजवळ ह्यांचं वडिलोपार्जित घर आहे, चुलत दीर बघतात. मी म्हटलं आधी राहून बघू, पण मे महिन्यात नाही, आंबे खायला सगळ्यांनाच आवडतं, पावसाळ्यात राहू. मी रजा टाकली आणि जुलैत महिनाभर राहिलो. खूप सुख मिळालं, खोटं कशाला बोलू, पहाटे पागोळ्यांचा आवाज ऐकत पडून राहायचं. पण लाईट दोन दोन दिवस नसायची, फोनला रेंज नाही, आणि एका रात्री ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. ॲसिडिटीच निघाली पण ते कळायला सकाळ झाली, कारण हार्टचं मोठं काही असेल तर चिपळूण किंवा डेरवण, त्या पावसात रात्रीचे दोन अडीच तास कसेही गेले असते. रात्रभर मी ह्यांच्या उशाशी बसून होते आणि एकच विचार डोक्यात, हे पडले तर मी आहे, मी पडले तर हे आहेत, पण दोघांपैकी एकच उरलं तर इथे काय?

त्या रात्रीनंतर आमचा शोध बदलला. दोघांना काय आवडतं हे बघायचं नाही, मागे राहणाऱ्या एकट्या माणसाला ऐंशीव्या वर्षी जमेल का ते बघायचं. ह्यांना हे बोललेलं आधी अजिबात आवडलं नाही, दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, मग स्वतःच म्हणाले की बरोबर आहे तुझं.

(कोकणात जमीन बघणाऱ्यांसाठी एक सांगते. स्वस्त मिळतेय म्हणून शेतजमिनीला ॲडव्हान्स देऊ नका. महाराष्ट्रात तुमच्या नावावर शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर शेतजमीन सहज घेता येत नाही. प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का आणि सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते वकिलाकडून बघून घ्या.)

मग मुलगी म्हणाली पुण्यात या, ती वाकडला. तिच्यापासून पंधरा मिनिटांवर एक फ्लॅट जवळजवळ पसंत केला होता, आणि सहा महिन्यांत जावयांची हैदराबादला बदली झाली. तिचा काहीच दोष नाही, नोकऱ्याच तशा आहेत. पण माझं मत पक्कं झालं की मुलं जवळ आहेत एवढ्या एकाच कारणावर घर घेऊ नये.

तळेगावही बघितलं, हवा खरंच छान, पण भाजीला जायचं तरी गाडी काढावी लागेल असं ते कॉम्प्लेक्स होतं आणि ह्यांचं मोतीबिंदूचं चालू होतं, गाडी अजून किती वर्षं चालवणार. ज्येष्ठांसाठीचा एक प्रोजेक्टही बघितला, नाव घेत नाही. जेवण, नर्स, बेल सगळं होतं, मला मनापासून आवडला. पण महिन्याचा चार्ज पुढच्या दहा वर्षांत किती वाढू शकतो हे करारात लिहून द्या म्हटलं तर ते द्यायला तयार नव्हते. पेन्शनवरच्या माणसाने असं उघडं कसं सोडायचं?

त्याच सुमाराला, 2024 मध्ये, महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ज्येष्ठांच्या प्रोजेक्टसाठी मार्गदर्शक नियम काढले. ते मी प्रिंट काढून ठेवले आणि साध्या रिसेलच्या घरांनाही लावायला लागले. दार 900 मिलिमीटर म्हणजे साधारण 35 इंच, बाथरूममध्ये न घसरणाऱ्या टाइल्स, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, लिफ्टमध्ये व्हीलचेअर जाईल अशी जागा. जुन्या बिल्डिंगमध्ये सगळं कुठून मिळणार, पण काय तोडून करता येईल आणि काय कधीच होणार नाही हे तरी कळतं. दार रुंद करता येतं, लिफ्ट रुंद करता येत नाही.

शेवटी घर मिळालं ते डोंबिवलीतच, जुन्या घरापासून दहा मिनिटांवर. लोक म्हणाले एवढं फिरून परत इथेच? हो, इथेच. डॉक्टरांना ह्यांची शुगर तोंडपाठ आहे, भाजीवाली दोन दिवस दिसले नाही तर विचारते, गणेश मंदिरापर्यंत चालत जाता येतं आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडला गेलं की दहा ओळखीचे भेटतात. एकट्या माणसाला हेच लागतं.

कागदपत्रांना मात्र तीन महिने घालवले. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने इथल्या 65 बेकायदा बिल्डिंग पाडायचा आदेश दिला होता, महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून त्यांच्या बिल्डरांनी महारेराचा नोंदणी नंबर घेतला होता. म्हणजे रेरा नंबर आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही. आम्ही भोगवटा प्रमाणपत्राची (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) कॉपी घेऊन महापालिकेत जाऊन खात्री केली, वकिलाकडून मालकीच्या कागदांचा मागच्या 30 वर्षांचा सर्च करून घेतला, सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का ते बघितलं, जुन्या सगळ्या ॲग्रीमेंटची साखळी आणि सोसायटीची एनओसी. एजंटने खूप घाई केली, दुसरी पार्टी तयार आहे वगैरे. मी म्हटलं त्यांना देऊन टाका. दिलं नाही.

लिफ्ट बघायला मी चौथ्यांदा गेले तेव्हा वॉचमनकडून प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, आत ठेवली, ह्यांना बसवलं आणि मी आणि वॉचमन बाजूला उभे राहिलो. मावलो. लाईट गेली तर लिफ्ट बॅटरीवर जवळच्या मजल्याला येऊन दार उघडते, तेही मेन स्विच बंद करायला लावून बघितलं.

पैशांचं थोडक्यात. जुनं घर 46 लाखांना गेलं, हे 68 लाखांना. बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सूट मिळते, पण जुनं घर ह्यांच्या नावावर होतं आणि कॅपिटल गेनची (घर विकून झालेल्या नफ्यावरच्या टॅक्सची) सूट हवी तर नवीन घरात ह्यांचं नाव हवं असं सीएने सांगितलं, म्हणून दोघांची नावं. 50 लाखांच्या वर असल्याने विकणाऱ्याला द्यायच्या पैशातून एक टक्का टीडीएस, म्हणजे इन्कम टॅक्स, घेणाऱ्याने म्हणजे आपणच कापून भरायचा असतो, तो विसरू नका. आणि फंडाचे सगळे पैसे घरात घालू नका. माझे 30 लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये आहेत, 8.2 टक्क्यांनी तीन महिन्याला 61,500 येतात, घर कितीही सुंदर असलं तरी बाजारातून पिशवी भरून आणायला ह्यातलेच लागतात.

सोसायटीत नॉमिनेशन केलं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून दोघांनी मृत्युपत्रंही केली. त्या दिवशी परत येताना हे रिक्षात काहीच बोलले नाहीत, फक्त माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले.

राहायला जायच्या आधी एकच काम केलं. मिस्त्रीला बोलावून बाथरूमची चौकट काढायला लावली. तो म्हणाला, ताई, चांगली आहे की, कशाला तोडताय. मी टेप काढून त्याला 34 इंचाची खूण करून दिली, त्याच्यावर जागा नव्हती. कमोडच्या बाजूला स्टीलचा दांडा बसवला, तो पक्का आहे का बघायला ह्यांनी सगळा भार टाकून ओढून बघितला, मग मीही.