पंचकल्याणी घोडीचे पाय

मार्गशीर्षातली पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती, जवळ येऊ लागली की तापीकाठच्या घोडेमालकांचे फोन वाढतात. सारंगखेड्याच्या यात्रेत कोणाला घोडा विकायचा असतो, कोणाला नाचाच्या स्पर्धेत उतरवायचा असतो, आणि त्याआधी आरोग्य तपासणी हवी असते. त्या सकाळी शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावातून आलेला फोन मात्र यात्रेच्या कागदपत्रांसाठी नव्हता. "डॉक्टरसाहेब, घोडी पाय टेकत नही. गावमा लोके म्हनतस ग्लँडर्स शे," एवढे सांगून मालक थांबले. घोडीला गावाबाहेर नेऊन बांधा असा शेजाऱ्यांनी आग्रह धरला होता आणि घरातली मुले तिच्या जवळ जायला घाबरत होती.

ग्लँडर्सचे नाव निघाल्यावर लोकांनी घाबरावे हे स्वाभाविक आहे. हा जिवाणूजन्य रोग घोड्यांकडून माणसांना होऊ शकतो, आणि रोग निश्चित झालेल्या घोड्यावर उपचार न करता कायद्यानुसार त्याला वेदनारहित मरण द्यावे लागते. त्याचा एक प्रकार त्वचेचा असून त्यात पायांवर, विशेषतः मागच्या पायांच्या आतल्या बाजूने, लसिकावाहिन्यांच्या रेषेत गाठी उठतात, त्या फुटतात आणि त्यांतून मधासारखा चिकट स्राव येतो. त्यामुळे सुजलेला, ओला, खपल्यांनी भरलेला पाय पाहून गावाने हे नाव घेतले, यात मला त्यांचे अज्ञान वाटले नाही. मी पोहोचेपर्यंत घोडीला आहे तिथेच ठेवा, तिची बादली आणि खरारा (अंग घासायचा ब्रश) दुसऱ्या जनावराला वापरू नका आणि हातमोज्यांशिवाय पायाला हात लावू नका, असे फोनवरच सांगितले.

घोडी पंचकल्याणी होती. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणून शुभ मानलेली आणि लग्नाच्या वरातींत मोठी मागणी असलेली. ज्या पांढऱ्या पायांमुळे तिला ही किंमत होती, त्या पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते. रंगद्रव्य नसल्यामुळे ती उन्हाने लवकर भाजते, आणि ओलाव्याने होणारा त्रासही अशाच पायांवर आम्हाला अधिक पाहायला मिळतो.

हातमोजे घालून मी पायाकडे शेवटी वळलो. आधी नाकपुड्या पाहिल्या. आत व्रण नव्हते, स्राव नव्हता. जबड्याखालच्या गाठी चाचपल्या, त्या मऊ आणि नेहमीच्या आकाराच्या होत्या. खोकला नव्हता, छातीचा आवाज स्वच्छ होता. मग मांडीच्या आतून खाली बोटे फिरवत आलो. गाठींची ती ओळ कुठेही लागली नाही. ताप मात्र 103 अंश फॅरनहाइट होता, तर निरोगी घोड्याचे तापमान साधारण 99 ते 101 अंशांच्या घरात असते. मागचा डावा पाय टापेपासून ढोपरापर्यंत सुजला होता, गरम होता, आणि बोटाने दाबले की खळगा राहत होता. टापेच्या वर, मागच्या बाजूला जो खळगा असतो तिथे आडव्या भेगा पडल्या होत्या आणि त्यांच्याभोवती केसांसकट घट्ट बसलेल्या जाड, पिवळट-तपकिरी खपल्या होत्या. उरलेल्या तीन पायांवरही, वरून दिसत नसल्या तरी, केसांत बोट घातल्यावर खडे लागावेत तशा लहान खपल्या हाताला लागल्या. म्हणजे त्रास चारही पायांना होता. डाव्या पायातल्या भेगेतून संसर्ग कातडीखाली उतरल्यामुळे तोच एक पाय बोलू लागला होता.

हा ग्लँडर्स नसावा, हे माझे मत तिथेच जवळजवळ ठरले, तरी मताच्या भरवशावर ग्लँडर्स नाकारू नये. मालकांसमोर रक्ताचा नमुना घेतला आणि तो नियमाप्रमाणे प्रयोगशाळेत पाठवण्याची व्यवस्था केली. या रोगाच्या निदानासाठी देशात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा शब्द अखेरचा मानला जातो. 2006 साली महाराष्ट्रात ग्लँडर्स पुन्हा आढळला होता, हे आमच्या पिढीतला पशुवैद्यक विसरू शकत नाही. देशभरातून घोडे जिथे एकत्र बांधले जातात अशा यात्रेच्या तोंडावर तर अजिबात नाही.

नंतर मी घोडीची दिनचर्या विचारली, आणि खरे निदान त्या उत्तरांत होते. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस होऊन गेला होता. तबेला हौदाजवळ असल्यामुळे काळ्या मातीचा चिखल वाळतच नव्हता. यात्रेत पाय पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून मोतद्दार, म्हणजे घोडीची देखभाल करणारा माणूस, रोज संध्याकाळी कपडे धुण्याच्या पावडरीने ते घासून धूत असे आणि रात्रभर तसेच ओले सोडत असे. सकाळी सरावासाठी घुंगरांचे कातडी पट्टे त्याच जागी आवळले जात; ते पट्टे मी हातात घेऊन पाहिले, तर आतून बुळबुळीत होते आणि त्यांच्या कडा कडक झाल्या होत्या. दिवसभर बांधलेली पछाडी, म्हणजे मागच्या पायांची दोरी, हीही तिथेच घासत होती. खपल्या दिसू लागल्यावर कोणीतरी त्या विटेच्या तुकड्याने घासून काढायला आणि वर गाडीचे जळके ऑइल लावायला सांगितले. खपली ओरबाडल्याने कातडी उघडी पडली आणि ऑइलने ओलावा आत कोंडला.

घोडी पायाला हात लावू देत नव्हती, म्हणून झायलाझीन देऊन तिला शांत केले. कात्रीने आणि मशीनने केस जवळून कापले. कोमट पाण्यात क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा फेस करून पायाला लावला आणि तो दहा मिनिटे तसाच ठेवला. ही दहा मिनिटे फार महत्त्वाची असतात, कारण औषधाला काम करायला आणि खपलीला मऊ व्हायला तेवढा वेळ लागतो. मोतद्दार लगेच पाणी ओतायला पुढे झाला, त्याला मी थांबवले. नंतर ज्या खपल्या बोटाच्या हलक्या स्पर्शाने आपणहून सुटल्या तेवढ्याच काढल्या. एका मोठ्या खपलीसोबत केसांचा झुबका निघाला. तिची खालची बाजू ओलसर आणि पुवाने माखलेली होती, आणि तिच्याखाली लालबुंद, चमकणारी कातडी उघडी पडली. चिकटून राहिलेल्या खपल्या दुसऱ्या दिवसासाठी सोडल्या. पाय धुऊन सुती धोतराच्या तुकड्याने टिपून, भेगेच्या तळापर्यंत कोरडा केला, आणि मगच सिल्व्हर सल्फाडायझिन या जंतुनाशक मलमाचा पातळ थर दिला. सूज आणि ताप असल्यामुळे पेनिसिलिन आणि वेदनाशामक सुरू केले. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार मोठा असतो आणि या घोडीच्या लसीची नोंद नव्हती, म्हणून तेही इंजेक्शन दिले. पुढची इंजेक्शने गावातल्या पशुधन पर्यवेक्षकांनी वेळेवर दिली, याचा मला मोठा आधार झाला.

संध्याकाळी दवाखान्यात मी त्या खपलीचा कण स्लाइडवर सलाइनच्या थेंबात भिजवला, पसरला आणि जिम्सा या रंगद्रावणाने रंगवला. सूक्ष्मदर्शकाखाली गोल जिवाणूंच्या समांतर ओळी, रेल्वेच्या रुळांसारख्या, शाखा फुटत गेलेल्या दिसल्या. हा डर्माटोफिलस काँगोलेन्सिस, ओल्या कातडीवर खपल्या आणणारा जिवाणू. तो कोरड्या खपलीत दबा धरून राहतो आणि पाणी मिळताच त्याचे पोहू शकणारे बीजाणू बाहेर पडून ओल्याने मऊ झालेल्या किंवा खरचटलेल्या कातडीत शिरतात. रोजची संध्याकाळची धुलाई त्याला नेमके तेच पाणी पुरवत होती. पाय आपटायला आणि चावायला लावणारे किडे खरवडीत आढळले नाहीत. मी लगेच फोन करून हे घरच्यांना सांगितले, तरी अहवाल येईपर्यंत घोडी वेगळीच ठेवायला लावली.

सारंगखेड्याला या वर्षी जाता येणार नाही, हे सांगणे मला औषधोपचारापेक्षा अवघड गेले. एका हंगामाच्या कमाईचा प्रश्न होता, आणि मालकांनी दोनदा विचारले की पाय पट्टीने झाकून नेता येईल का. उघड्या भेगांच्या घोडीला टेम्पोत उभे करून नेणे, तिथल्या गर्दीत नाचवणे आणि एकाच खराऱ्याने शेजारच्या घोड्यांनाही घासले जाणे, हे मी मान्य करू शकत नव्हतो. त्यांनी ऐकले, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

ग्लँडर्सचा अहवाल नकारार्थी आला आणि मुले पुन्हा तबेल्यात जाऊ लागली. सूज आधी उतरली, भेगा भरायला अधिक वेळ लागला. त्या काळात हौदाचे सांडपाणी चर काढून वळवले, उभे राहण्याच्या जागी मुरूम टाकला आणि वर कोरडा भुसा पसरला. चिखल लागला तर तो वाळू देऊन मऊ ब्रशने झटकायचा. धुवावेच लागले तर टापेमागचा खळगा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय घोडीला सोडायचे नाही. झिंक ऑक्साइडचे मलम फक्त निरोगी, कोरड्या कातडीवर, चिखलात जाण्याआधी. पछाडीला मऊ कापडाचे वेष्टन, प्रत्येक घोड्याचा ब्रश वेगळा, आणि घुंगरांचे जुने पट्टे टाकून नवे, जे वापरानंतर पुसून सावलीत वाळवले जातात. मोतद्दाराला मी रोज चारही पायांच्या केसांत बोटे फिरवायला शिकवले, कारण ही खपली डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी बोटांना कळते. पुढच्या पावसाळ्यात उजव्या पुढच्या पायावरची ज्वारीच्या दाण्याएवढी खपली त्यानेच शोधली आणि केस कापून, क्लोरहेक्सिडीनने धुऊन, पाय कोरडा ठेवून ती इंजेक्शनाशिवाय बरी झाली.