खिडकीतली झडलेली पाच अक्षरं

इंग्लंडच्या नॉरफॉक परगण्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये, दक्षिणेच्या भिंतीत, रंगीत काचेची एक खिडकी आहे. चिलखत घातलेला संत जॉर्ज आणि त्याच्या पायांशी पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांची नावं. मी मूळची नगरची. उपासनेला माझी जागा नेमकी त्या खिडकीसमोर, आणि एक नाव मला कधीच पुरतं वाचता येत नसे. आडनावाची शेवटची पाच अक्षरं झडली होती. पुढे ‘नॉरफॉक रेजिमेंट, मेसोपोटेमिया, १९१६’ एवढं शाबूत.

या ओळीपाशीच मी अडकले. नॉरफॉकची दुसरी पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा या गावी तुर्कांच्या वेढ्यात होती, ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये. १०३ आणि ११० या मराठा पलटणीही त्याच वेढ्यात. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. शरण गेल्यावर कैदेत कितीतरी जण मेले. म्हणजे या गावचा मुलगा आणि आपल्याकडची मुलं एकाच ठिकाणी उपाशी होती! त्यातून १९१५ पासून मृतदेह मायदेशी आणायला बंदी. आईबापांना जाऊन बसायला मुलाचं थडगं नाही, म्हणून ही खिडकी.

दर पाच वर्षांच्या पाहणीत आर्किटेक्टने लिहिलं की खिडकीचा खालचा भाग फुगलाय आणि गंजलेल्या लोखंडी सळीने दगडाला तडा गेलाय. दुरुस्ती ठरली, तेव्हा चर्च कमिटीत मी म्हटलं, ते नावही पूर्ण करूया. मला वाटलं, बारीक ब्रशचं दुपारभराचं काम.

तसं नसतं. चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्ये असा बदल करायला ‘फॅकल्टी’, म्हणजे चर्चची कायदेशीर परवानगी, लागते. ती डायोसीजचा, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या प्रांताचा, न्यायाधीश देतो; त्याला चॅन्सेलर म्हणतात. आधी सल्लागार समितीचं मत, मग चर्चवर २८ दिवस नोटीस. आमचा पहिला अर्ज परत आला: काचेच्या स्थितीचा अहवाल नाही, स्पेलिंगला पुरावा नाही. त्या दिवशी मी चिडले. आज वाटतं, बरोबर विचारलं त्यांनी. अभिलेखागारात खिडकीच्या मूळ परवानगीचे कागद मिळाले, सोबत गावाने दिलेली नावांची यादी. युद्धकबरींच्या नोंदवहीशी ताडून पाहिलं, तर आडनावात एका ‘ई’चा फरक! सैन्याच्या कारकुनाने लिहिलेलं खरं, की गावाने? दोन बैठका यावरच गेल्या. आम्ही गावाचं धरलं. उरलेल्या अक्षरांमधली जागाही त्यालाच जुळत होती.

काचेवरचा रंग म्हणजे काचेची पूड आणि धातूंची भस्मं. भट्टीत तो काचेला चिकटतो. भाजणी कच्ची राहिली की भिंतीतल्या दमटपणाने हळूहळू सुटतो. आमच्या काचेवर तर बारीक ओरखडेही होते. कधीतरी कुणीतरी चांगल्या मनानेच खरखरीत काहीतरी घेऊन घासलं असणार.

मूळ काचेवर नवा रंग द्यायला दुरुस्तीवाल्या बाईंनी साफ नकार दिला. जुनी काच पुन्हा भट्टीत घातली तर तडकू शकते, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या हातात आपला हात मिसळायचा नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी पातळ पारदर्शक काचेवर फक्त ती पाच अक्षरं रंगवून भाजली आणि तो तुकडा मूळ काचेच्या मागे त्याच शिशाच्या पट्टीत बसवला. उद्या कुणाला काढावासा वाटला तर काढता येईल. बाकीची काच कापसाच्या बोळ्यांनी, शुद्ध पाण्याने पुसली. लोखंडी सळ्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या आल्या.

कागदपत्रांना चौदा महिने गेले. बसवायला दोन दिवस.

बाकावरून आता नाव सलग वाचता येतं. अगदी जवळ जाऊन तिरकं पाहिलं, तर जुन्या आणि नव्या अक्षरांमध्ये काचेच्या जाडीइतकं अंतर दिसतं. मी पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवते.