ड्रेसेल नंबर वीस

रोमला गेलो तेव्हा कोलोसियम वगैरे झालंच, पण शेवटच्या दिवशी मी हट्टाने नवऱ्याला टेस्टाच्चो भागात नेलं आणि एका गवताळ टेकडीसमोर उभं करून म्हटलं, बघ, हा कचरा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. टेकडी साधारण ३५ मीटर उंच, आतबाहेर नुसत्या खापऱ्या. प्राचीन रोमन काळातले तेलाचे फुटके, खरं तर मुद्दाम फोडलेले रांजण. पायथ्याशी टेकडी पोखरून हॉटेलं केलीयत, काहींच्या मागच्या भिंतीला काच लावलीय, त्यातून खापऱ्यांचे थर दिसतात आणि आपण पास्ता खात बसायचं.

मला तिथे जायचं होतं ते हाइनरिश ड्रेसेलसाठी. १८४५ साली रोममध्येच जन्मलेला जर्मन माणूस, रोमचा मोठा इतिहासकार मोमसेन याचा विद्यार्थी. मोमसेनने सगळे लॅटिन लेख गोळा करायचा प्रचंड प्रकल्प काढला होता, त्यात ड्रेसेलच्या वाट्याला आलं रोममधलं किरकोळ सामान, म्हणजे विटा, दिवे, मडकी यांच्यावरचं लिखाण. बाकीचे संगमरवरातले शिलालेख वाचतायत आणि हा १८७२ पासून कचऱ्याच्या ढिगावर! पण ढीग बोलका निघाला.

आपल्याकडे तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा असतो नं, तसा तेव्हाचा हा गोल पोटाचा, दोन कानांचा रांजण, साधारण ७० लिटर तेल मावायचं, आणि रिकामाच ३० किलोच्या आसपास. बहुतेक माल दक्षिण स्पेनचा. अंगावर शाईने काय लिहिलेलं? वर रिकाम्या रांजणाचं वजन (आपला वाणी करतो तो धडाच की हा), मग व्यापाऱ्याचं नाव, खाली तेलाचं वजन, आणि कानाशेजारी तिरक्या घाईच्या अक्षरात सरकारी तपासणीची नोंद, कधीकधी त्या वर्षीच्या दोन कॉन्सुलांच्या, म्हणजे दरवर्षी बदलणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावांसकट. म्हणजे तारीखच! ड्रेसेलने या ओळींना अल्फा, बीटा, गामा, डेल्टा अशी नावं दिली, ती अजून चालतात. मातीत तेल मुरून खवट व्हायचं म्हणून रांजण परत वापरता येत नसे, मग फोडायचे, रचायचे, वास मारायला वर चुना टाकायचा. असे काही कोटी रांजण तिथे पडलेत असा अंदाज आहे.

पण मला खरी गंमत पुढची वाटते. ड्रेसेलला मडक्यांत रस होता असं नाहीच, त्याला अक्षरं हवी होती. कुठलं लिखाण कुठल्या रांजणावर ते कळावं एवढ्यासाठी त्याने ४५ आकारांचा एक तक्ता काढला, तो १८९९ ला छापून आला. तोवर स्वारी बर्लिनला जाऊन नाण्यांच्या संग्रहात रमली होती, उरलेली नोकरी नाण्यांतच गेली, आणि १९२० मध्ये वारला. आणि आज जगभरात रोमन खापरी सापडली की पिशवीवर त्या तक्त्यातला नंबर लिहितात, ड्रेसेल २० (तो टेकडीवरचा गोल पोटाचा तेलाचा रांजण), ड्रेसेल २-४. नाव राहिलं ते सोयीसाठी काढलेल्या तक्त्यामुळे.

यातले ड्रेसेल २-४, म्हणजे दारूचे, भारतातही सापडतात, पुद्दुचेरीजवळ अरिकमेडूला, केरळात पट्टणमला. काहींच्या मातीत भिंगाखाली चमकणारे काळे कण दिसतात, ते नेपल्सच्या बाजूच्या ज्वालामुखीची वाळू! रोबर्टा टोंबर या रोमन मडक्यांच्या तज्ज्ञ बाईंनी आपल्याकडच्या खापऱ्या पुन्हा एकेक हातात घेऊन तपासल्या, आणि रोमन म्हणून नोंदवलेल्या बऱ्याच खापऱ्या रोमन नाहीतच असं दाखवलं. त्या इराक-इराणकडून आलेल्या लांबुळक्या बरण्यांच्या. ओळखायची खूण अगदी सोपी, कान नाहीत आणि आतून डांबराचा काळा लेप. वर्षानुवर्षं रोमचं कौतुक करत बसलो आणि माल आला होता शेजारून. अशा बरण्यांचे तुकडे घारापुरीलाही मिळालेत.

हे वाचल्यापासून घारापुरीला गेलं की माझी मान खालीच. मागच्या खेपेला लेणी राहिली बाजूला, पायवाटेवर एक जाड, बाकदार तुकडा दिसला, उलटा केला तर आतून काळा कुळकुळीत! माझं काळीज धडधडायला लागलं. नवरा फोटो काढतोय, मी त्याला डांबर, इराण, समुद्रमार्ग सगळं घाईघाईत समजावतेय, आणि शेजारी कैऱ्या विकणाऱ्या मावशी शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, ते आमच्या जुन्या घराचं कौल हाय. चुलीवरचं."