वाफसा आला आणि ट्रॅक्टर चालू होईना

मृगाच्या दोन पावसांनी रान चांगलं भिजलं होतं, आणि तीन दिवसांच्या उघडिपीनंतर वाफसा आला होता, म्हणजे माती पेरणीजोगी झाली होती. लातूर जिल्ह्यातली आमची जमीन काळी. आज पेरलं नाही आणि रात्री पाऊस आला, तर पुढं कितीतरी दिवस रानात पाय घालता येत नाही. सोयाबीनच्या बियाण्याला पहाटेच रायझोबियमचं जिवाणू खत चोळून सावलीत पसरलं होतं. ते त्याच दिवशी मातीत जायला हवं. पेरणी यंत्र जोडलं, सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, पण स्टार्ट घेईना.

घाबरून मी सेल्फ मारतच राहिलो. अण्णांनी हात धरला. "बॅटरी उतरवशील. थांब जरा."

मिस्त्री दुसऱ्या गावात अडकलेले. फोनवर त्यांनी पहिलं विचारलं, "सायलेन्सरमधून धूर निघतोय का?" मी तिकडं बघितलंच नव्हतं. अण्णा बघत उभे राहिले, मी पुन्हा सेल्फ मारला, दहा सेकंदच. धुराचा पत्ता नाही.

"पांढरा धूर असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही असं म्हटलं असतं. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. स्टॉपची नॉब आत आहे का? टाकीखालचा कॉक?" दोन्ही ठीक होतं. टाकीत डिझेलही होतं, तळाशी का होईना. "मग एअर घेतली. काढा."

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. दाबलेल्या गरम हवेत नोझलमधून डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. पाइपात हवा शिरली की पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही.

आधी कॅनमधलं डिझेल टाकीत ओतलं. मग पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि टाकीतलं डिझेल पुढं ढकलणाऱ्या फीड पंपाची लिव्हर हातानं मारायला लागलो. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा, नाहीतर हवा परत आत जाते. पहिल्यांदा मी इथंच चुकलो आणि सगळं पुन्हा करावं लागलं. मग दुसरा फिल्टर, मग नोझलला डिझेल दाबून पाठवणारा मोठा पंप. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा ढिले केले. अण्णांनी सेल्फ मारला आणि डिझेल दिसल्यावर एकेक आवळला. त्या वेळी हात लांब ठेवायला मिस्त्रींनी दोनदा बजावलं होतं. तिथली बारीक धार कातडीत घुसते, आणि ती जखम दिसते छोटी पण असते भयंकर.

इंजिन भडभडलं, एक सिलिंडर, मग तिन्ही. काय वाटलं ते सांगता येत नाही.

तासाभरात, तिसऱ्या फेरीला, पुन्हा बंद.

म्हणजे हवा कुठून तरी येतच होती. आता मी टाकीपासून एकेक जोड पुसून कोरडा केला आणि बोट फिरवत गेलो. फीड पंपाच्या तोंडाशी बोटाला ओल लागली. बोल्टाखालचा तांब्याचा वायसर चेपून एका बाजूला चिरला होता. अण्णा मोटारसायकलवर जाऊन नवे वायसर घेऊन आले. परत एअर काढली, या वेळी पंधरा मिनिटांत.

शेवटच्या चार फेऱ्या दिव्यावर मारल्या. पाऊस रात्री नऊला आला.