‘पेरेंडिनेट’ची फोड : माझा अनुभव

‘पेरेंडिनेट’ हे इंग्रजी क्रियापद केव्हाच वापरातून गेलं. अर्थ : काम परवावर ढकलणे. नुसतं लांबवणे नव्हे, नेमकं परवावर.

पुढून फोड करायला गेलं की हमखास चूक होते. लॅटिन ‘पेर’ म्हणजे ‘मधून, आरपार’ असं धरून बसलं की ‘पेरेनियल’ (बारमाही) आठवतो. पण त्यात ‘आन्नुस’ म्हणजे वर्ष आहे, त्याचा इथे संबंध नाही. मधला ‘एंड’ही इंग्रजी शेवट नव्हे. म्हणून मी मागून सुरुवात केली. ‘-एट’ हा लॅटिनच्या ‘-आतुस’ या भूतकालवाचक विशेषणाचा अवशेष. तो काढला की ‘पेरेन्दिन-’ उरतं. ते ‘पेरेन्दिनुस’ म्हणजे ‘परवाचा’ या विशेषणातलं, आणि त्याच्या मुळाशी ‘पेरेन्दिए’, परवा. शेवटच्या ‘दिए’त ‘दिएस’ आहे, आपल्या ‘दिवस’शी नातं सांगणारा. ताळा ‘प्रोक्रास्टिनेट’शी (चालढकल करणे) करावा : क्रास (उद्या), क्रास्तिनुस (उद्याचा), मग क्रियापद. साखळी तीच, फक्त ‘प्रोक्रास्टिनेट’ला आधी ‘प्रो’ लागलाय.

कोश बघताना एक अडचण येते. लॅटिन क्रियापदाची नोंद ‘-आरे’ या (‘करणे’सारख्या) मूळ रूपाखाली नसते, प्रथमपुरुषी एकवचनाखाली असते. म्हणून ‘कोम्पेरेन्दिनो’ शोधावं, म्हणजे याच क्रियापदाला आधी ‘कोम्’ लागलेलं रूप. हा रोमन कोर्टातला शब्द : खटल्याची पुढची सुनावणी तिसऱ्या दिवशी ठेवणे. रोमन माणूस आजचा दिवस धरून मोजायचा, त्यामुळे त्याचा तिसरा दिवस म्हणजे आपला परवा. हे विसरलं की हिशेब एका दिवसाने चुकतो. इ.स.पूर्व 70 मधल्या वेर्रेस या रोमन सुभेदारावरच्या खटल्यात वकील सिसेरो याच पद्धतीबद्दल बोलतो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये मात्र ‘पेरेन्दिनारे’ म्हणजे मुक्काम करणे. केंब्रिजच्या कॉलेजांत पैसे भरून राहणाऱ्यांना ‘पेरेंडिनंट’ म्हणत, ते त्यावरून. संदर्भ न बघता ‘परवा’ लावला तर वाक्य फसतं.

मराठीत आणताना मला फार आनंद झाला. इंग्रजीला परवासाठी तीन-चार शब्द जोडावे लागतात, आपल्याकडे एकच पुरतो, वर तेरवाही आहे. फक्त आपला परवा मागे-पुढे दोन्हीकडे चालतो. लॅटिनमध्ये मागचा परवा वेगळा, ‘नुदिउस तेर्तिउस’. म्हणून नुसतं ‘परवा’ न लिहिता ‘येत्या परवावर ढकलणे’ असं लिहावं.