परवानगी आणि हुकलेला उन्हाळा : झूलॉजीतल्या पीएचडीचा माझा अनुभव

झूलॉजीत पीएचडी म्हटलं की सगळे नेटची धास्ती घालतात. प्रवेशात नेटच्या (राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) गुणांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०, मग किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क. अभ्यास केला की हे निभतं. निभत नाही ती अभयारण्याची परवानगी.

विषय होता नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर अभयारण्याच्या गाळातले जीव: गोगलगायी, कायरोनोमिड (डासांसारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या) अळ्या, ऑलिगोकीट (गांडुळांच्या जातकुळीतले कृमी). गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, त्यामुळे गाईडही खूश. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली अभ्यासासाठी आत जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पण आत जाणं वेगळं आणि आतलं काही उचलून आणणं वेगळं, हे अर्ज घेणाऱ्यानं सांगायला काय हरकत होती? ‘नमुने गोळा करणे’ असं मोघम लिहिलं होतं, फाईल परत. किती, कुठून, कशानं, नंतर काय करणार? हे सगळं लिहिलं, तर संशोधन केंद्राचं पत्र जोडलेलं नाही म्हणून पुन्हा परत. दर वेळी एकच त्रुटी! सगळ्या एकदम कळवल्या असत्या तर शाई संपली असती बहुतेक.

तोवर जून उजाडला. वरून विसर्ग सुटला की तळ ढवळून निघतो, आणि उन्हाळ्यातला नमुना हातात नसेल तर पुरानं काय बदललं हे कशाच्या आधारावर सांगणार? फाईल काही महिने अडली, पण काम वर्षभर मागे गेलं. आरएसीपुढे (संशोधन सल्लागार समितीपुढे) दर सहामाहीला तेच रडगाणं. म्हणून कोर्सवर्क सुरू असतानाच अर्ज टाका. त्यात ठिकाणांचे जीपीएस, महिन्याला किती नमुने, उपकरण, चाळणीची जाळी (आमची ५०० मायक्रॉन) आणि नमुने शेवटी कुठे ठेवणार, एवढं लिहाच. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. हद्दीबाहेरचं एक ठिकाणही आराखड्यात असू द्या.

तळाचा गाळ उचलायला एकमन ग्रॅब हे उपकरण दोरीनं खाली सोडतात. त्याच्या जबड्यात पाणवेलीची मुळं अडकली तर गाळ वाटेतच धुऊन जातो. तो नमुना मोजू नका, पुन्हा टाका. १५ बाय १५ सेंटिमीटरचा ग्रॅब असेल तर एका नमुन्यातल्या जिवांचा आकडा ४४.४ नं गुणला की चौरस मीटरचा हिशोब येतो.

हो, आणि डीएनए काढायचा असेल तर नमुने टिकवायला फॉर्मलिन नको, ९५ टक्के इथेनॉल. ते २४ तासांनी बदला, कारण जिवांच्या अंगातल्या पाण्यानं पातळ होतं. साध्या फॉर्मलिनमध्ये आम्लामुळे गोगलगायींचे शंखही झिजतात.