आई, रेल्वे, बस आणि इटलीचा किनारा

कोल्हापुरात समुद्राला जायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, गाडी कुणाची घ्यायची? गणपतीपुळे असो नाहीतर मालवण, घरची सात-आठ माणसं, एक मोठी गाडी, ठरलेला ड्रायव्हर आणि डिकीत चटया, डबे, पाण्याचे कॅन. एस.टी. आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसांना घेऊन गाड्या बदलत जायला घरातलं कुणी तयार होत नाही. रेल्वे कोल्हापूरला १८९१ साली आली ती आजही तिथंच संपते. घाट उतरून कोकणातल्या वैभववाडीला जोडणाऱ्या मार्गाची बोलणी मी शाळेत असल्यापासून ऐकतेय.

त्यामुळं आई फ्लॉरेन्सला माझ्याकडं राहायला आली आणि मी शनिवार-रविवार समुद्रावर जाऊया म्हटलं, तेव्हा तिनंही तेच विचारलं. "गाडी भाड्यानं घेतलीस काय?" म्हटलं, नाही, रेल्वेनं जायचं, पुढं बसनं. "आणि माझं गुडघं?" एवढंच म्हणाली आणि बॅग भरायला लागली. परत गेल्यावर तिनं ही सहल गल्लीभर सांगितलीय. ज्यांची मुलं-मुली इकडं आहेत त्या काका-काकूंचे मेसेज येतात, आम्हाला झेपेल का म्हणून. झेपेल. कसं ते सविस्तर लिहिते.

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोवेल्ला स्टेशनातून किनाऱ्यावरच्या ला स्पेत्सियाला जायला साधारण अडीच तास लागतात. त्यासाठी 'रेजिओनाले' म्हणजे प्रादेशिक गाडी धरायची. जलद गाड्यांची तिकिटं आयत्या वेळी महाग होतात, हिचा दर ठरलेला असतो, रिझर्व्हेशनची भानगड नाही. कागदी तिकीट घेतलं असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे दंड, मग तुम्ही पाहुणे असा नाहीतर इथले.

गाडी आर्नो नदीच्या खोऱ्यातून पिसाकडं जाते. या नदीशी आईची ओळख आधीच झाली होती. इथं आल्यावर तिनं सगळ्यात आधी काय बघितलं असेल तर राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे स्मारक. आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मांट यांचा, ज्यांनी पुढं आपल्या कोल्हापूरचा न्यू पॅलेस रचला. आई छत्रीला हात लावून बराच वेळ उभी होती. "एवढ्या लांब, आणि आपलं कोण न्हवतं जवळ," असं म्हणाली. खिडकीतून नदी दिसली की तिला तेच आठवायचं.

पिसा सोडलं, व्हियारेज्जो गेलं आणि उजव्या हाताला डोंगर जवळ आले. मास्सा, करारा या स्टेशनांच्या आसपास डोंगरांची टोकं पांढरीशुभ्र दिसतात. आईला वाटलं बर्फ. तो बर्फ नव्हे, संगमरवराच्या खाणी आहेत. रोमन काळापासून इथला दगड काढतात, आणि मायकेलँजेलोचा डेव्हिड याच करारातल्या दगडाचा. रुळांशेजारच्या वखारींत घराएवढे ठोकळे रचून ठेवलेले असतात. गाडी पुढं गेली तरी ती मागं वळून बघत होती.

ला स्पेत्सिया हे नौदलाचं बंदर आहे. १८६९ मध्ये इथं नौदलाची मोठी गोदी सुरू झाली. गाव म्हणून फार देखणं नाही, पण मुक्काम इथंच करा. किनाऱ्यावरच्या प्रसिद्ध गावांपेक्षा खोल्या स्वस्त मिळतात आणि रेल्वे, बस, होडी तिन्ही इथूनच सुटतात. आम्ही स्टेशनजवळ खोली घेतली, बॅगा टाकल्या आणि दुपारच्या गाडीनं चिंक्वे तेर्रेला निघालो.

चिंक्वे तेर्रे म्हणजे समुद्राला टेकलेली पाच गावं: रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निलिया, वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो. १९९७ पासून हा सगळा पट्टा, शेजारच्या पोर्तोव्हेनेरे गावासकट, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जेनोव्हा ते ला स्पेत्सिया हा रेल्वेमार्ग पुरा झाला तोही १८७४ साली. त्याआधी या गावांत होडीनं नाहीतर खेचराच्या वाटेनंच पोचता यायचं. आता ला स्पेत्सियाहून पहिलं गाव दहा मिनिटांच्या आत येतं. मार्ग बहुतेक बोगद्यांतूनच आहे. मधेच डोंगराला झरोके ठेवलेत, त्यातून क्षणभर निळं पाणी चमकतं आणि पुन्हा अंधार. डब्यातली लहान पोरं दर वेळी ओरडत होती.

आता मुख्य गोष्ट, कोर्निलियाची बस. बाकी चार गावं पाण्यालगत आहेत, कोर्निलिया मात्र सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर आहे. स्टेशन खाली, गाव वर, आणि मधे ३८२ पायऱ्या. आईनं वर बघितलं आणि सरळ बाकड्यावर बसली. "तू जाऊन ये जा. मी बसतो हितंच." म्हटलं, अगं आई, बाहेर तर चल.

स्टेशनाच्या दारातच मिनीबस उभी होती. रेल्वेतून उतरलेली माणसं चढेपर्यंत ती हलली नाही. आमच्याकडं चिंक्वे तेर्रेचं रेल्वेसह दिवसाचं कार्ड होतं, त्यात ही बसही धरलेली असते, वेगळं तिकीट नाही. रांगेत गावातली एक आजी होती, हातात भाजीची चाकांची पिशवी. ड्रायव्हर खाली उतरला, पिशवी उचलून आत ठेवली, आजीला हात दिला आणि मागोमाग आईलाही. दोघींना पुढची सीट. रस्ता एवढा अरुंद की समोरून गाडी आली तर एकानं मागं जावं लागतं. वळणावर हॉर्न द्यायचा, थांबायचं, मग पुढं. आईनं पुढचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, पण नजर सगळी खाली समुद्रावर. "करूळ घाटात असतं तसंच चाललंय की गं," म्हणाली, आणि त्या आजीकडं बघून हसली. काही मिनिटांत आम्ही वरच्या चौकात.

मला मनापासून कौतुक वाटलं ते यात. लहानसं गाव, छोटी बस, मोठी यंत्रणा काहीच नाही. फक्त बसची वेळ रेल्वेच्या वेळेशी बांधलेली आहे आणि दोन्ही एका कार्डावर चालतात. तेवढ्यानं सत्तरीची बाई कड्यावरच्या गावात जाऊन येते. वैभववाडी रोड स्टेशन आपल्या घाटाच्या पायथ्याशीच आहे. कोकण रेल्वेच्या गाडीची वेळ बघून कोल्हापूरहून बस सुटली, पलीकडं कणकवली-कुडाळला तशीच छोटी बस मालवणसाठी उभी राहिली आणि सगळ्याला एकच तिकीट असलं, तर माझ्या आत्यासारख्या कितीतरी बायका कुणाच्या गाडीची वाट न बघता समुद्र बघून येतील. नवा लोहमार्ग होईल तेव्हा होवो, हे त्याआधीही करता येईल.

वर गावात आम्ही फिरलो कमी आणि मळेच जास्त बघितले. द्राक्षांची तोडणी चालू होती. उभ्या उतारावर ताली, म्हणजे पायऱ्यांसारखे बांध, घालून वेली लावल्यात, आणि द्राक्षाचे क्रेट वाहायला एका रुळावर चालणारी छोटी गाडी आहे. तालींना आधार गडग्यांचा, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या भिंतींचा. आई शेतकऱ्याच्या घरातली, तिनं वाकून गडगा तपासला. मोठे दगड बाहेरच्या अंगाला, मधे चिपा मारलेल्या, मातीचा किंवा चुन्याचा थेंब नाही. एका चिपेवर तिनं बोटानं दाब देऊन बघितला, हलली नाही. "पाणी निघायला वाट ठेवलीया बघ. चुना भरला असता तर पावसात फुगून फुटला असता." नेमकं कारण हेच आहे. असे गडगे रचण्याची कला २०१८ मध्ये युनेस्कोनं अमूर्त वारशात घेतली, आणि ज्या देशांच्या नावानं ती घेतली त्यांत इटलीही आहे. पण तरुण माणसं शेती सोडून गेली की गडगे ढासळतात आणि उतार धरून ठेवायला काही उरत नाही. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखल-दगडांखाली गेली होती, माणसंही दगावली. आपल्याकडं डोंगराखालच्या वाड्यांचं काय होतं हे आपण बघितलंय. आईला हे सांगितल्यावर ती पुढच्या प्रत्येक तालीत पडका गडगा शोधत होती.

जेवणाची काळजी करू नका. या भागात फारिनाता मिळते: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, रुंद, उथळ थाळ्यात घालून भट्टीत भाजलेली. पूर्ण शाकाहारी. आईनं पर्समधली कांदा-लसूण चटणी काढली आणि दोन तुकडे खाल्ले.

रविवारी पोर्तोव्हेनेरे. तिथं रेल्वे नाही, ला स्पेत्सियातून बसच. तिकीट आधी तंबाखूच्या दुकानात घ्यायचं, बाहेर मोठा 'टी' लिहिलेली पाटी असते. बसमध्ये घेतलं तर जास्त पैसे पडतात. साधारण अर्ध्या तासाचा रस्ता, सुरुवातीला गोदीची लांबलचक भिंत आणि मग डावीकडं आखात. शिंपल्यांच्या शेतीच्या रांगा पाण्यावर दिसतात, लहान लहान धक्के, वाळत टाकलेली जाळी. जाताना डावी बाजू धरा.

पोर्तोव्हेनेरेत धक्क्याला लागून उंच, रंगीत घरांची सलग रांग आहे आणि टोकाला खडकावर सान पिएत्रोचं देऊळ, म्हणजे चर्च, काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचं. सोनेरी शिरांचा काळा संगमरवर इथल्याच डोंगरात निघतो, त्याला पोर्तोरो म्हणतात. देवळापर्यंत थोड्या पायऱ्या आहेत, त्या आई माझा हात धरून चढली. वरच्या कमानींतून चिंक्वे तेर्रेचे कडे दिसतात. वारा एवढा होता की पदर खोचून घ्यावा लागला. तासभर आम्ही तिथंच बसलो.

परतीची बस दुपारनंतर भरून जाते. चढायचं ते शेवटच्या थांब्यावरच, म्हणजे ती जिथून वळते तिथं. मधल्या गावात उभं राहिलात तर बसायला जागा मिळणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आई-वडिलांना आणू नका, ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाही. एप्रिल, मे किंवा सप्टेंबरचा शेवट बरा. निघण्याआधी संप आहे का ते तपासा. इथं रेल्वे आणि बसचे संप आधी जाहीर होतात, आणि बरेचदा शुक्रवारी असतात. कोर्निलियाच्या मिनीबसचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, ते स्टेशनात उतरल्या उतरल्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गुडघ्याचा पट्टा, टोपी आणि घट्ट पकडीची चप्पल एवढं आईंच्या बॅगेत असू द्या. चटणी त्या स्वतःच घेतील.